सेकंडहँड लक्झरी डिझेल सेडान घेतलेल्यांनो, अनुभव सांगा

सुरुवात मीच करतो. सहा वर्षं वापरलेली मोठी डिझेल सेडान घेतली, दार लावलं की तो जड 'थप्प' आवाज, झालं, तिथेच भाळलो. ऑफिस घरापासून चार किमी. डीपीएफमधली, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमधली, काजळी जळायला एक्झॉस्ट ६०० डिग्रीच्या आसपास तापावा लागतो हे कुणाला माहीत, आणि चार किमीत इंजिनच धड तापत नाही. रीजन, म्हणजे जादा डिझेल सोडून ती काजळी जाळणं, सुरू व्हायचं नि मी गाडी बंद करायचो, मग पंखा बराच वेळ घोंघावायचा, मला वाटायचं वा, काय कूलिंग आहे! एकदा डिपस्टिक काढली तर ऑइल चक्क वाढलेलं. आधी खूशच झालो. वास घेतला तर डिझेल! अर्धवट रीजनमधलं खाली उतरून ऑइलमध्ये मिसळत होतं.

*

आमची एअर सस्पेन्शनवाली, म्हणजे हवेच्या रबरी स्प्रिंगवर उभी राहणारी, रात्रीत मागून बसायची. सकाळी बघावं तर डावं मागचं चाक अर्धं आत, स्टार्ट केली की हवा भरणारा कॉम्प्रेसर घरघर करत उचलणार. उचलतोय ना, म्हणून दोन महिने ढकलले. शेवटी एअर स्प्रिंगवर साबणाचं पाणी मारलं तर रबराच्या घडीतून बारीक बुडबुडे. तोवर सारखा चालून चालून कॉम्प्रेसरही जळाला, एकाचे दोन खर्च. गाडी जुन्या भावात मिळते हो, पार्ट नव्या गाडीच्याच भावात. आता कुणासोबत गाडी बघायला गेले की आधी बॉनेटवर हात ठेवते, गरम लागलं तर आमच्या येण्याआधी चालू करून ठेवलेली, उद्या येतो म्हणायचं.

*

माझं उलटं. कमी चाललेली सोडून मुद्दाम १,८०,००० किमीवाली घेतली, कारण सर्व्हिसची फाइल जाडजूड होती, गिअरबॉक्स ऑइल बदलल्याचं बिलसुद्धा. ते 'लाइफटाइम' असतं म्हणतात, पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतःच ८० हजार ते १ लाख २० हजार किमीला बदला सांगते. रोज हायवे, अजून तरी तक्रार नाही.

*

बॅटरी बदलली की गाडीला स्कॅनरने तसं कळवावं लागतं काही मॉडेल्सना. मी नुसती बसवून मोकळा झालेलो.

*

पहिलेवाले, डीपीएफचं पुढे काय झालं?

*

ऑइल बदललं, आणि आता दर रविवारी हायवेवर अर्धा-पाऊण तास. बायको विचारते कुठे निघालात, म्हणतो हिला फिरवून आणतो.