गोळ्या उरल्या असतील तर त्याही द्या
मांजरवाल्यांच्या ग्रुपवर कुणी आजारी मांजराच्या उपचारासाठी पैसे मागितले, तर बिल बघितल्याशिवाय अनोळखी माणसाला जीपे करू नका असं सांगतात, ते पटलंच, आम्ही तर थेट क्लिनिकच्या खात्यावरच टाकतो. पण मदत म्हणजे नुसते पैसे नाहीत हो. आमच्या बोक्याला एफआयपी (मांजरांना विषाणूमुळे होणारा जीवघेणा आजार) झाला तेव्हा त्यावरच्या जीएस-४४१५२४ या औषधाचा कोर्स ८४ दिवसांचा होता, डोस वजनावर ठरतो, आणि मांजर सुधारायला लागलं की वजन वाढतं म्हणजे औषधही जास्त लागतं, खर्चाचा अंदाज तिथेच चुकतो.

शेवटच्या वीस दिवसांच्या गोळ्या ग्रुपवरच्या नाशिकच्या एका ताईंनी कुरियर केल्या, त्यांची मनी वाचली नव्हती, तिच्या उरलेल्या होत्या. त्या ताई अजून रोज सकाळी आमच्या बोक्याचा फोटो मागतात आणि मी न चुकता पाठवते.