जेरुसलेमची टूर दिवाळीनंतर: सोसायटी ग्रुपवरची चर्चा (इंदूर)

पागनीस काकू, बी-२०३: नमस्कार मंडळी. दिवाळीनंतरच्या जेरुसलेम टूरचं कोटेशन आलंय. बातम्या बघून घरात दोन तट पडलेत. कार्यक्रम असा: गुरुवारी रात्री तेल अवीवला उतरायचं. शुक्रवारी सकाळी अल-अक्सा मशीद आणि तिच्याच आवारातला सोनेरी घुमट, दुपारी यहुद्यांची पश्चिम भिंत, संध्याकाळी ट्रामनं नवं शहर. शनिवारी याद वाशेम (हिटलरनं केलेल्या यहुद्यांच्या कत्तलीचं) संग्रहालय आणि बाजार. रविवारी सकाळी बेथलेहेम, संध्याकाळी येशूच्या समाधीचं चर्च. सोमवारी मृत समुद्र, रात्री परत. हॉटेल जुन्या शहरात, तटबंदीच्या आत. जाणकारांनी सांगा.

तांबे काका, डी-५०१: काकू, जायचं की नाही ते मागाहून. आधी हे बघा की कोटेशन देणाऱ्यानं वारच बघितलेले नाहीत. अल-अक्साचं आवार बिगरमुस्लिमांना शुक्रवारी आणि शनिवारी बंद. शुक्रवारी दुपारी हजारो लोक नमाजाला येतात, त्यामुळे जुन्या शहराच्या दमास्कस दरवाज्यापासून आतल्या गल्ल्यांत पोलिसांचे अडसर. नोव्हेंबरात तिकडे पावणेपाचच्या सुमारास सूर्यास्त, म्हणजे चारच्या आसपास शब्बाथ, यहुद्यांचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, लागतो. ट्राम त्याच्या आधीच थांबते. ती शनिवारी अंधार पडेपर्यंत बंद, बहुतेक बस बंद, विमानतळाची रेल्वे बंद, याद वाशेम बंद, माहाने येहुदाचा बाजारही बंद. पाचपैकी दोन दिवस तुम्ही हॉटेलच्या खोलीत बसून काढणार.

मुळ्ये, ए-३०४: शनिवारी अख्खं शहर बंद?

शिंदे सर, सी-१०२: पश्चिमेकडचं यहुदी शहर बंद. जुन्या शहरातले मुस्लिम आणि ख्रिस्ती भाग उघडे असतात, आणि दमास्कस दरवाज्याबाहेरून अरब बस चालू असतात. आपल्या कोकणातले बेने इस्राएल यहुदी शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत म्हणून त्यांना शनवार तेली म्हणायचे. तोच हा नियम, फक्त जेरुसलेमला तो सरकारी बसलाही लागू आहे.

तांबे काका, डी-५०१: म्हणून रविवारी उतरा, सोमवार ते गुरुवार जेरुसलेम, शुक्रवारी सकाळी निघा. या चार दिवसांत सगळं बसतं आणि भांडणाचा वार टळतो. लोक विचारतात "शहर सुरक्षित आहे का?" तसा प्रश्न विचारून काही हाती लागत नाही. कुठल्या तारखेला, कुठल्या दरवाज्यापाशी, किती वाजता, असं विचारायचं.

ठिणगी कुठे पडते ते ठरलेलं आहे. सप्टेंबर २००० मध्ये इस्रायली नेते एरियल शारोन अल-अक्साच्या आवारात गेले आणि दुसरा इंतिफादा, म्हणजे पॅलेस्टिनींचा उठाव, पेटला. जुलै २०१७ मध्ये आवाराच्या दारापाशी दोन पोलीस मारले गेले. सरकारनं मेटल डिटेक्टर बसवले, तर लोक आत न जाता बाहेर रस्त्यावरच नमाज पढू लागले. शेवटी ते डिटेक्टर काढावे लागले. एप्रिल २०२१ मध्ये रमजानात दमास्कस दरवाज्याच्या पायऱ्यांवर अडसर लावले, त्यावरून संध्याकाळच्या चकमकी सुरू झाल्या आणि १० मे रोजी गाझातून जेरुसलेमवर रॉकेटं सुटली. त्या दिवशी जेरुसलेम दिन होता, म्हणजे १९६७ मध्ये इस्रायलनं पूर्व जेरुसलेम घेतलं त्याचा वार्षिक दिवस. मे-जूनमध्ये येणाऱ्या त्या दिवशी झेंडे घेतलेला मोर्चा मुस्लिम वस्तीतून जातो आणि दुकानदार आधीच शटर ओढून घेतात.

म्हणजे टाळायचं काय, तर रमजान, त्यातही शेवटचे दहा दिवस. पेसाह या यहुदी सणाचा आठवडा, रमजान आणि ईस्टर एकमेकांवर आले तर तो काळ. जेरुसलेम दिन. आणि सप्टेंबर-ऑक्टोबरातले यहुदी सण. दिवाळीनंतर यातलं काहीच नसतं. गर्दी कमी, हवा आपल्या डिसेंबरसारखी, पहिला पाऊस येऊ शकतो. जुन्या शहराची फरशी दगडी आणि गुळगुळीत, म्हणून रबरी तळाचे बूट घ्या.

किबे वहिनी, बी-५०२: अल-अक्साला नक्की जायचं कुठून? नातेवाईक म्हणतात दारातूनच परत पाठवतात.

तांबे काका, डी-५०१: चुकीच्या दारातून गेलं की पाठवतात. बाकी सगळी दारं मुस्लिमांसाठी. आपल्याला एकच, मुघराबी दरवाजा. पश्चिम भिंतीच्या चौकातून वर जाणारा लाकडी पूल आहे, तिथली रांग धरायची. मातीचा जुना चढ २००४ मध्ये ढासळला म्हणून तो तात्पुरता बांधला, आणि दोन्हीकडचा वाद मिटेना म्हणून तात्पुरताच राहिला. रविवार ते गुरुवार सकाळी काही तास आणि दुपारच्या नमाजानंतर तासभर सोडतात. वेळ ऋतूप्रमाणे आणि पोलिसांच्या मर्जीप्रमाणे बदलते. आदल्या संध्याकाळी हॉटेलात विचारून घ्या आणि उघडायच्या पाऊण तास आधी रांगेत उभे राहा. सकाळची वेळ चुकली तर दुपारच्या तासावर भिस्त ठेवू नका, तो रांगेतच संपतो.

आवाराची व्यवस्था जॉर्डनच्या वक्फकडे, सुरक्षा इस्रायली पोलिसांकडे. बिगरमुस्लिमांना तिथे प्रार्थना करता येत नाही. पोथी, बायबल, जपमाळ काही नेऊ नका. आणि सवयीनं हात जोडू नका. घुमट समोर आला की आपले हात आपोआप जुळतात, पण पहारेकऱ्याला ती प्रार्थनाच दिसते. नवरा-बायकोनंही हात धरून फोटो काढू नये. घुमटाच्या आत आणि मशिदीत प्रवेश नाही, बाहेरूनच बघायचं. परत निघताना मात्र दुसऱ्या दारानं बाहेर पडता येतं. साखळी दरवाजा धरलात तर थेट बाजारात.

किबे वहिनी, बी-५०२: कपडे? मी सलवार-कुर्ता धरून चालले.

शिंदे सर, सी-१०२: उत्तम. गुडघे-खांदे झाकलेले आणि एक ओढणी असली की तिन्ही धर्मांच्या जागी चालतं. पश्चिम भिंतीपाशी पुरुषांना डोकं झाकायला लागतं, टोपी तिथेच मिळते. स्त्री-पुरुषांचे भाग वेगळे. भिंत दिवसरात्र उघडी असते, पण शब्बाथला तिथे फोटो काढायचा नाही आणि भिंतीच्या फटीत ठेवायची प्रार्थनेची चिठ्ठी लिहायचीही नाही.

चर्चबद्दल मी सांगतो. येशूच्या पवित्र समाधीचं चर्च हिवाळ्यात पहाटे चारला उघडतं, संध्याकाळी सातला बंद होतं. ग्रीक, लॅटिन (म्हणजे कॅथलिक), अर्मेनियन, कॉप्टिक, सीरियन आणि इथिओपियन, असे सहा पंथ ते वाटून घेतात. कुणाची कोणती पायरी, कुणाचा कोणता दिवा, हे तुर्की सुलतानाच्या १८५२ च्या फर्मानाप्रमाणे जसंच्या तसं चालू आहे. दर्शनी खिडकीखाली लाकडी शिडी आहे. ती कुणाच्या मालकीची हे ठरेना म्हणून कुणी हलवत नाही. किल्ली मुसलमान जूदेह घराण्याकडे, दार उघडण्याचा मान मुसलमान नुसैबे घराण्याकडे. नोव्हेंबर २००८ मध्ये आत ग्रीक आणि अर्मेनियन भिक्षूंचीच मारामारी झाली होती, पोलीस बोलवावे लागले. तेव्हा एखादा भिक्षू म्हणाला "सरका", तर सरका. खुर्ची ओढू नका, दिव्याला हात लावू नका. पहाटे पाच ते साडेसहामध्ये गेलात तर समाधीच्या कोठडीची रांग लहान असते. साडेनऊला गटांच्या बस आल्या की दीड-दोन तास गेले.

तुमच्या टूरवाल्यानं बेथलेहेम रविवारी सकाळी ठेवलंय, तेही हलवा. तेव्हा उपासना चालू असते, येशूच्या जन्मगुहेत उतरायला थांबावं लागतं. मंगळवार घ्या.

पागनीस काकू, बी-२०३: बेथलेहेमला म्हणे वेगळा गाइड द्यावा लागतो, त्याचे पैसे वेगळे. खरं की लुबाडणूक?

तांबे काका, डी-५०१: खरं आहे. बेथलेहेम पॅलेस्टिनी प्रशासनाच्या 'अ' भागात येतं. तिथे इस्रायली नागरिकांना जायला त्यांच्याच कायद्यानं बंदी, रस्त्यावर तसा लाल फलक आहे. म्हणून तुमचा इस्रायली गाइड चेकपोस्टपाशी उतरतो आणि पलीकडे पॅलेस्टिनी गाइड भेटतो. कोटेशनमध्ये हा बदल लिहिलेला नसेल तर समजा की त्यानं गट कधी नेलेला नाही. स्वतः जायचं तर दमास्कस दरवाज्याजवळून २३१ नंबरची अरब बस. परतताना चेकपोस्टवर पासपोर्ट आणि निळी चिठ्ठी दाखवावी लागते.

निळ्या चिठ्ठीबद्दल: इस्रायल पासपोर्टवर शिक्का मारत नाही, विमानतळावर छोटं निळं कार्ड देतं. ते परत निघेपर्यंत सांभाळा. हॉटेलात तेच दाखवून परदेशी पर्यटकाला १८ टक्के करातून सूट मिळते. विमानतळावर कुठे जाणार, कुणाला ओळखता असं विचारतात. खरं सांगा, थोडक्यात सांगा. दोघांची उत्तरं एकसारखी हवीत. परतीला तीन तास आधी पोचा. फोन बघायला मागू शकतात, तेव्हा जायच्या आधी आपल्या या ग्रुपवरचे 'वाचा आणि पुढे पाठवा' सुद्धा साफ करा.

ॲडमिन: 🙏 हा टोला कुणाला, ते कळलं.

मुळ्ये, ए-३०४: पण जेरुसलेम मुळात कुणाचं? आपलं सरकार काय म्हणतं?

ॲडमिन: मुळ्ये साहेब, इथे राजकारण नको.

तांबे काका, डी-५०१: याचं कामापुरतं उत्तर देतो. १९४९ ते १९६७ शहर दोन तुकड्यांत होतं, पश्चिम इस्रायलकडे, जुन्या शहरासकट पूर्व जॉर्डनकडे. १९६७ च्या युद्धात इस्रायलनं पूर्व घेतलं, १९८० मध्ये कायदा करून अखंड शहर राजधानी जाहीर केलं. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं ठराव ४७८ नं ते अमान्य केलं. अमेरिकेनं २०१८ मध्ये वकिलात तिकडे नेली. भारताची तेल अवीवलाच आहे. काकूंच्या दृष्टीनं मुद्दा एवढाच की पासपोर्ट हरवला तर तेल अवीव गाठावं लागेल. शहराचं गाइड एक नाव घेईल, अरब टॅक्सीवाला अल-कुद्स म्हणेल. दोघांनाही मान हलवा, वाद घालू नका, आणि सैनिकांचे फोटो काढू नका.

मुजुमदार, सी-३०२: हल्ल्याचा भोंगा वाजला तर काय, हे कुणी बोललंच नाही. होमफ्रंट कमांडचं (इस्रायलच्या नागरी संरक्षण दलाचं) ॲप फोनवर घ्या, इंग्रजीत आहे, लोकेशन चालू ठेवा. जेरुसलेमला आसरा गाठायला साधारण ९० सेकंद मिळतात. १९९० च्या दशकापासून नव्या इमारतींत काँक्रीटची सुरक्षित खोली सक्तीची आहे, तिला 'ममाद' म्हणतात. सार्वजनिक आसऱ्याला 'मिक्लात'. गोची अशी की जुन्या शहरातली हॉटेलं शेकडो वर्षांच्या दगडी इमारतींत आहेत, तिथे ममाद सहसा नसतं. म्हणून तटबंदीच्या आतलं हॉटेल रद्द करा, याफा दरवाज्याच्या बाहेर नव्या इमारतीत घ्या. बुकिंगआधी ईमेलनं विचारा की ममाद आहे का, कितव्या मजल्यावर, आमच्या खोलीपासून किती पावलं.

वाटेत असाल तर जवळच्या पक्क्या इमारतीत, खालच्या मजल्यावर, खिडकीपासून लांब. याफा दरवाज्याबाहेर मामिल्लाचं भूमिगत पार्किंग आहे. काहीच नसेल तर जमिनीवर पालथं, हात डोक्यावर. आवाज थांबला म्हणून लगेच उठायचं नाही, ॲप सांगेपर्यंत थांबा. गच्चीवर जाऊन व्हिडिओ काढणं हा मूर्खपणा. पाडलेल्या क्षेपणास्त्राचे तुकडे खाली पडतात. पोलीस १००, रुग्णवाहिका १०१, होमफ्रंट १०४.

अनघा, ए-१०४: काकू, मी विमाक्षेत्रात आहे म्हणून सांगते. साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत युद्ध आणि तत्सम घटना वगळलेल्या असतात. पाय मोडला तर पैसे मिळतील. विमानतळ बंद पडून आठवडाभर हॉटेलात अडकलात तर बहुधा नाही. परराष्ट्र मंत्रालयाची 'जाऊ नका' अशी सूचना असताना गेलात तर बाकीचे दावेही अडवले जाऊ शकतात. "वगळलेल्या बाबी" हे पान आधी वाचा, सूचना तिकिटाच्या दिवशी आणि निघायच्या दिवशी, दोनदा बघा. आणि इंदूर-दिल्ली तिकीट वेगळं काढू नका. एकाच पीएनआरवर असेल तर पुढचं विमान चुकल्यास कंपनी बघते, नाहीतर खर्च तुमचा.

मुजुमदार, सी-३०२: विमानतळ बंद पडणं ही नुसती भीती नाही. १३ जून २०२५ ला इराणशी लढाई सुरू झाली आणि हवाई हद्द बंद. भारत सरकारनं 'ऑपरेशन सिंधू'मध्ये लोकांना जमिनीवरून जॉर्डन आणि इजिप्तला नेऊन तिथून विमानानं आणलं. म्हणजे खरी बाहेरची वाट रस्त्याची. उतरल्यावर वकिलातीच्या संकेतस्थळावर नाव नोंदवा. जॉर्डनचा व्हिसा इथूनच काढून ठेवा, वापरला नाही तरी चालेल. जॉर्डनच्या सरहद्दीवरचा, जेरुसलेमला सगळ्यात जवळचा ॲलनबी पूल, पण तिथे पोचून जॉर्डनचा व्हिसा मिळत नाही, आणि सप्टेंबर २०२५ च्या गोळीबारानंतर तो अचानक बंदही झाला होता. दुसरा पर्याय उत्तरेला बेत शआनजवळचा शेख हुसेन पूल. हातात ३०० डॉलर रोख आणि आठ दिवसांची जादा औषधं, प्रिस्क्रिप्शनसकट.

किबे वहिनी, बी-५०२: जेवणाची चिंता नको. फलाफल, हुम्मुस, फूल मुदम्मस (शिजवलेल्या बाकल्याच्या शेंगदाण्यांची उसळ), तिळाचा गोल काक पाव आणि झातर मसाला. सगळं शाकाहारी, आणि मुस्लिम वस्तीत शनिवारीही मिळतं. चिवडा न्या, पण थोडा.

शिंदे सर, सी-१०२: वेळ उरला तर हेरोद दरवाज्याजवळ हिंदुस्थानी सराय आहे, झाविया अल-हिंदिया. सूफी संत बाबा फरीद तिथे राहिले अशी आठशे वर्षांची परंपरा. अन्सारी कुटुंब सांभाळतं, दारावर तिरंगा दिसतो. फोन करूनच जा, ते राहतं घर आहे.

पागनीस काकू, बी-२०३: टूरवाल्याशी आत्ता बोलले. रविवार ते शुक्रवार मान्य, हॉटेल बदलतो म्हणाला, बेथलेहेमचा गाइड लिहून देतो. जॉर्डनचा व्हिसा माझ्या खर्चानं. पण टूर रद्द झाली तर पैसे परत नाहीत, "पुढच्या टूरसाठी जमा" म्हणे.

अनघा, ए-१०४: मग ५० टक्के ॲडव्हान्स देऊ नका. हॉटेल स्वतः बुक करा, ४८ तास आधीपर्यंत फुकट रद्द होणारं. त्याला फक्त गाइड आणि गाडीचे पैसे द्या, तेही रोजच्या रोज. विमानाचं तिकीट पैसे परत मिळणारं घ्या, महाग पडलं तरी. आणि "जमा" शब्द खोडून "परत" लिहायला लावा, सही-शिक्क्यासकट. नाही म्हणाला तर दुसरा बघा.