रामो फक्त जुन्या वाद्यांवाल्यांचाच का? सिंफनी ऑर्केस्ट्रांनी फ्रेंच बरोक वाजवावं की नाही

मधुवंती:
गेल्या महिन्यात आमच्या गावच्या सिंफनी ऑर्केस्ट्राने (मी जर्मनीत असते) पूर्वार्धात रामोच्या (अठराव्या शतकातला फ्रेंच संगीतकार) 'ले बोरेआद' या ऑपेरातला सुईट (निवडक तुकड्यांची मालिका) वाजवला आणि उत्तरार्धात एकोणिसाव्या शतकातला ब्राम्स. ऑर्केस्ट्रा नेहमीचाच, तारा स्टीलच्या, बो नेहमीचे, फक्त मधोमध हार्पसिकॉर्ड (पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य) आणून ठेवलेलं आणि कंडक्टर बरोकवाल्या, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातल्या संगीताच्या जाणकार होत्या. मी अक्षरशः हरवून गेले होते. सोबतच्या मैत्रिणीला मात्र राग आला होता, ती मध्यंतरात म्हणाली की या लोकांनी हे वाजवूच नये, हे जुन्या वाद्यांवाल्यांचं (त्या काळच्या वाद्यांवर, त्या काळच्या पद्धतीने वाजवणाऱ्यांचं) काम आहे. तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय म्हणून धागा काढला.

माझं म्हणणं सरळ आहे. बाख आणि हेंडेल १६८५ चे, रामो त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठा, १६८३ चा, दिजोंचा. पहिला ऑपेरा त्याने पन्नाशीला लिहिला, १७३३ मध्ये. डिसेंबर आला की हेंडेलचा 'मसाया' गावोगावी होतो, बाखचे पॅशन शाळकरी कॉयरसुद्धा गातात, आणि रामो? सिंफनी कॉन्सर्टला वर्षानुवर्षं जाणाऱ्या माणसाच्या कानावरून तो एकदाही जात नाही. 'ले बोरेआद'ची तालीम १७६३ मध्ये झाली, पुढच्या वर्षी रामो गेला आणि ते पूर्ण रंगमंचावर यायला १९८२ साल उजाडलं, फ्रान्समधल्या एक्स-आँ-प्रोव्हाँसच्या फेस्टिवलमध्ये. म्हणजे जी परंपरा बिघडेल म्हणून आपण घाबरतो ती सलग अशी कधी नव्हतीच ना. मग ज्या ऑर्केस्ट्राकडे हॉल आहे, श्रोते आहेत, पगारी वादक आहेत त्यांनी हे का नाही वाजवायचं?

त्यातला 'आंत्रे द पोलिम्नी' नावाचा तुकडा ज्यांनी ऐकला नसेल त्यांनी आधी तो ऐका आणि मग वाद घाला. व्हायोलिनं सावकाश उतरत येतात, मधूनच बॅसूनची (खर्जातलं फुंकवाद्य) वेगळी ओळ निघते, एक स्वर दुसऱ्यावर रेंगाळतो, टोचतो आणि मग सुटतो. आमच्या हॉलमध्ये तेवढा वेळ कोणी खोकलंसुद्धा नाही.

खर्जातला:
मधुवंतीताई, रामोवरच्या प्रेमाबद्दल शंभर टक्के सहमत, बाकी जवळपास कशाशीच नाही. मी वीस वर्षं पॅरिसमध्ये आहे आणि हे संगीत दोन्ही प्रकारे भरपूर ऐकलंय.

अडचण अशी की फ्रेंच बरोक जसं लिहिलंय तसं वाजवलं की ते मरतं. हे मी नाही, खुद्द कूपरँने (त्याच काळातला फ्रेंच संगीतकार) १७१६ च्या आपल्या हार्पसिकॉर्डवरच्या पुस्तकात लिहून ठेवलंय की आम्ही लिहितो एक आणि वाजवतो वेगळं. कागदावर ओळीने सारख्या मात्रेचे स्वर दिसतात, वाजवताना ते लांब-आखूड, लांब-आखूड असे डुलत जातात, याला नोत इनेगाल म्हणतात, आणि किती डुलायचं ते तुकड्यागणिक बदलतं. कुठल्याही सूत्रात बसत नाही ते, लहानपणापासून भाषा ऐकावी तसं अंगात भिनावं लागतं. तुमच्या ऑर्केस्ट्राला एका कार्यक्रमासाठी किती तालमी मिळतात? दोन? तीन? त्यातली बरीचशी ब्राम्सच खाणार.

दुसरं म्हणजे प्रमाण. रामोच्या काळात पॅरिस ऑपेराचा ताफा काही चिमुकला नव्हता, चाळीस-पन्नास वादक असायचे, पण त्यात बॅसून चार-पाच, बासरी-ओबोवालेही तसेच, आणि व्हायोलिनं आजच्या मानाने कमी. आजच्या सिंफनीत बॅसून दोन आणि व्हायोलिनं तीस! मग ज्या बॅसूनच्या ओळीने तुम्ही हरवून गेलात ती इतर ठिकाणी ऐकूच येत नाही, सगळं तुपात बुडवल्यासारखं गुळगुळीत होतं.

आणि हे बघा, पॅरिस ऑपेराचा स्वतःचा मोठा ऑर्केस्ट्रा असताना १९९९ मध्ये रामोचा 'प्लाते' केला तेव्हा पिटात (रंगमंचासमोरच्या वादकांच्या जागेत) मिंकोव्स्कींचा जुन्या वाद्यांचा ताफा होता आणि २०१९ मध्ये बास्तीय या त्यांच्या मोठ्या हॉलमध्ये रामोचंच 'लेझ ऑंद गालांत' केलं तेव्हा कापेला मेदितेरानेआ हा तसाच ताफा. फ्रेंचांना स्वतःलाच कळलंय की हे काम कोणाचं ते.

व्हायोलावाली:
मी हौशी ऑर्केस्ट्रात व्हायोला वाजवते (नेदरलँड्स) म्हणून वाजवणाऱ्याच्या बाजूने लिहिते. दोन वर्षांपूर्वी आम्ही 'लेझ ऑंद गालांत'मधले नाच केले होते, त्यातला 'ले सोव्हाज' बहुतेकांनी ऐकलेला असतो. शिकवायला बरोक व्हायोलिन वाजवणाऱ्या एक बाई आल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी बो मुठीपासून तीन-चार बोटं वर पकडायला लावला, आपोआप हात हलका झाला. मग म्हणाल्या, डावा हात थरथरवायचा नाही, ज्या स्वराला खरंच गरज आहे तिथेच.

पण खरी गंमत मिन्युएटला (तीन मात्रांचा जुना दरबारी नाच) आली. आम्ही प्रत्येक बारच्या पहिल्या मात्रेवर ठोका देत होतो, एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, आणि ते अगदी जात्यावर दळल्यासारखं येत होतं. बाईंनी सगळ्यांना वाद्यं खाली ठेवायला लावली, खुर्च्या सरकवल्या आणि मिन्युएटचं पाऊल शिकवलं. ते एक पाऊल पूर्ण व्हायला दोन बार लागतात, सहा मात्रा! म्हणजे वजन प्रत्येक बारला नाहीच, एकाआड एक आहे. पंचवीस-तीस जण मोज्यांवर त्या हॉलमध्ये अर्धा तास चाललो, त्यात आमचे सत्तरीचे चेलोवाले आजोबाही होते, आणि परत बसून वाजवलं तेव्हा तोच कागद, त्याच स्टीलच्या तारा, पण तुकडा उचलला गेला. हे मी माझ्या कानांनी ऐकलंय त्यामुळे 'स्टीलच्या तारांवर होतच नाही' हे मला पटणार नाही.

आता खर्जातलादादांच्या बाजूचं एक. त्याच कार्यक्रमात ल्युलीपण (रामोच्या आधीच्या शतकातला फ्रेंच ऑपेराकार) घ्यायचा होता, तो सोडावा लागला. ल्युलीचं तारवाद्यांचं लिखाण पाच ओळींचं असतं, वर एक व्हायोलिन, खाली बास, आणि मधल्या तीनही ओळी व्हायोलाच्या, ओत-कोंत्र, ताय आणि कँत. तिन्ही सुरात सारख्या लावलेल्या पण वाद्याचा आकार वेगवेगळा, म्हणून आवाजही वेगळा. आम्ही व्हायोलावाले एकूण चार. तीन ओळी कशा भरणार? सेकंड व्हायोलिनला वरची मधली ओळ दिली तर काही स्वर त्यांच्या सगळ्यात खालच्या तारेच्याही खाली जातात. तो पोटातला भरलेला आवाज आजच्या ऑर्केस्ट्राकडे नाहीच, आणि तोच काढून घेतला तर ल्युलीत उरतं काय.

पंचमी_पुणे:
मी या विषयात नवीन, मोबाईलवरच ऐकते. युरोव्हिजनची (युरोपातली गाण्यांची टीव्ही स्पर्धा) ती सुप्रसिद्ध धून सतराव्या शतकातल्या शार्पांतिएच्या 'ते देउम'ची आहे हे मला गेल्या वर्षी कळलं आणि तिथून इकडे आले. एक शंका आहे. सगळे म्हणतात जुन्या वाद्यांचा सूर खाली असतो, 'ए' स्वर ३९२ हर्ट्झला वगैरे, आणि आजचा ४४० ला. पण आपल्याकडे गायक आपापली पट्टी धरतातच ना, काळी एक काय नि काळी दोन काय. मग एक सूर वर वाजवलं तर बिघडलं कुठे?

आणि वाचताना आपल्या हार्मोनियमची आठवण आली. आकाशवाणीवर १९४० पासून कितीतरी वर्षं तिला बंदी होती, मींड येत नाही, श्रुती येत नाहीत, वाद्य परकं आहे, सगळे आक्षेप खरेच होते. पण आज ख्यालाच्या मैफलीत पेटी सर्रास असते, आणि वाजवणाऱ्यांनी तिच्यातून काय काय काढलं ते आपण ऐकतोच.

खर्जातला:
पंचमी, प्रश्न चांगला आहे. नुसत्या वाद्यसंगीतात एक सूर वर-खाली झाल्याने फार बिघडत नाही हे मी मान्य करतो, रंग जरा उजळ आणि ताठ होतो इतकंच. बिघडतं ते गाणं आलं की. फ्रेंच ऑपेरातला नायक ओत-कोंत्र आवाजाचा असायचा (हो, व्हायोलाच्या त्या ओळीचं नावही हेच), म्हणजे खूप वर पण सहज गाणारा टेनर, रामोच्या वेळी जेल्योत नावाचा गायक त्यासाठी प्रसिद्ध होता. ३९२ ला ते गाणं बोलण्यासारखं येतं. तेच ४४० ला गायला लावलं की बिचाऱ्याच्या गळ्याच्या शिरा दिसायला लागतात आणि शब्द जातात, आणि फ्रेंच ऑपेरात शब्द गेले की सगळंच गेलं. आपला गायक पट्टी निवडतो ती स्वतःच्या गळ्यासाठी, इथे ४४० ला ट्यून होणाऱ्या ऑर्केस्ट्राच्या सोयीसाठी गायकाने वर जायचं, हा फरक आहे.

पेटीचं उदाहरण मला लागू वाटत नाही. पेटी साथीला आली, गवयाचा गळा तसाच राहिला. इथे गळाच बदलायचा म्हणताय.

मधुवंती:
व्हायोलावाली, मोज्यांवरचा मिन्युएट वाचून मन भरून आलं. ल्युलीचं मान्य, पूर्ण मान्य, ते पाच ओळींचं माझ्या डोक्यात नव्हतं. १९८७ चं क्रिस्टींनी केलेलं ल्युलीचं 'आतीस' मी रेकॉर्डिंगवरच ऐकलंय आणि त्या मधल्या ओळींमुळेच तो आवाज तसा भरदार लागतो हे आज कळलं. तेव्हा ल्युली जुन्या वाद्यांवाल्यांकडेच राहू दे.

पण रामो वेगळा आहे. तो नवीन वाद्यांना घाबरणारा माणूस नव्हता, १७४९ च्या 'झोरोआस्त्र'मध्ये आणि १७५१ च्या 'आकांत ए सेफीज'मध्ये त्याने क्लॅरिनेट घेतली, तेव्हा पॅरिसमध्ये ते वाद्य नवंकोरं होतं. आणि प्रमाणाचं म्हणाल तर ते दुरुस्त करता येतं हो. आमच्याकडे त्या कार्यक्रमात व्हायोलिनं निम्मी घरी पाठवली होती आणि बॅसून चार बसवले होते, मी मोजले. सायमन रॅटलनेही १९९९ मध्ये साल्झबुर्गला 'ले बोरेआद' जुन्या वाद्यांवर केलं आणि नंतर त्यातला सुईट बर्लिन फिलहार्मोनिककडूनही वाजवून घेतला. एकाच माणसाला दोन्ही करावंसं वाटलं यात मला तरी काही विसंगती दिसत नाही.

पॅरिस ऑपेराचा मुद्दा तुम्ही तुमच्या बाजूने मांडलात, मला तो उलटाच दिसतो. त्या पिटातल्या वादकांना स्वतःच्याच देशाच्या सगळ्यात मोठ्या ऑपेराकाराची सवय लागत नाही! दर वेळी बाहेरचा ताफा येतो, वाजवतो, जातो.

खर्जातला:
बास्तीयमध्ये २७०० खुर्च्या आहेत आणि तिथे जुन्या वाद्यांवर 'लेझ ऑंद गालांत' झालं, लोक शेवटी उभे राहून ओरडत होते. म्हणजे श्रोते मिळवायला, मोठा हॉल भरायला सिंफनी ऑर्केस्ट्रा लागतोच हे खरं नाही. लोकांना अस्सल दिलं तर लोक येतात.

मधुवंती:
दादा, ते पॅरिस आहे. आमच्या गावात दोन लाख माणसं आणि एकच ऑर्केस्ट्रा, जुन्या वाद्यांचा ताफा वर्षातून एकदा आला तर आला आणि आला की बाखच वाजवतो. आणि मुंबईचं काय? एनसीपीएमध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ पासून आहे. आपल्या माणसांनी रामो समोर बसून ऐकायचा तर आज तो त्यांच्यासारख्यांकडूनच ऐकायला मिळू शकतो, तिथे तात (आतड्याची तार) लावलेली व्हायोलिनं आणि ३९२ चे ओबो कुठून आणणार? 'अस्सल नाहीतर काहीच नको' म्हटलं की बहुतेक गावांच्या वाट्याला 'काहीच नको'च येतं. मला हे खरंच लागतं म्हणून इतकं लिहितेय.

पंचमी_पुणे:
+१. मी पुण्याहून मुंबईला येईन त्यासाठी.

खर्जातला:
मुंबईचा मुद्दा बिनतोड आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. तरी माझं मत बदललेलं नाही, अट घालतो फक्त. ल्युली नको, गाणं नको, नाचांचे सुईट घ्या, शिकवणारा माणूस बरोकचा आणा आणि तालमी निदान पाच द्या. आणि कागदावर जिथे अधिकच्या चिन्हासारखी खूण असते तो ट्रिल (शेजारच्या दोन स्वरांत झपाट्याने हलणं) वरच्या स्वरावरून सुरू करायला सांगा. त्या वरच्या स्वरावर आधी नीट टेकायचं, जरा दुखू द्यायचं आणि मग हलवायला घ्यायचं, सिंफनीवाले ते सरळ गुणगुणत सुटतात. 'पोलिम्नी'त ते चुकलं तर चार बॅसून बसवूनही काही उपयोग नाही.

व्हायोलावाली:
अगदी! आमच्या बाईंचा शब्द होता, 'दारावर हात टेका, लगेच ढकलू नका.' पुढच्या सीझनला आम्ही रबेलचं 'लेझ एलेमाँ' घेतोय, १७३७ चं, सुरुवातीलाच डी मायनरचे सगळे स्वर एकदम आदळतात, केऑस म्हणून. तालमी सहा मिळाल्यात. मधुवंती, तुमच्या त्या कंडक्टरबाईंचं नाव व्यनि कराल का? आमच्याकडे यायला तयार असतील तर विचारायचंय.