मदत हवी आहे : द क्युअरचा नवा अल्बम मित्रांना कुठल्या क्रमाने ऐकवू?

नमस्कार मंडळी, परभणीहून विचारतोय. द क्युअर या इंग्लिश रॉक बँडचा ‘साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’ (२०२४) माझ्या डोक्यातून जात नाहीये. २००८ नंतर १६ वर्षांनी आलेला अल्बम, गाणी आठच, पण गायक रॉबर्ट स्मिथचा आवाज अजून तसाच ओला. भाऊ गेल्यावर त्याने लिहिलेलं गाणं ऐकताना तर घसा दाटतो.

रविवारी रात्री गच्चीवर तीन मित्रांना बोलावलंय. त्यांनी या बँडचं फारसं काही ऐकलेलं नाही. मागच्या वेळी थेट पहिलं गाणं ‘अलोन’ लावलं. गायला सुरुवात व्हायलाच तीन मिनिटं लागतात, तेवढ्यात एकाने मोबाइल काढला. मग शेवटचं ‘एंडसाँग’ लावलं, ते दहा मिनिटांचं, आवाज सहा मिनिटांनंतर. तेही फसलं. विलंबित ख्यालाचं उदाहरण देऊन समजावलं, थोडं पटलं, पण कान काही तयार झाले नाहीत. याच बँडचं जुनं ‘फ्रायडे आय अॅम इन लव्ह’ लगेच आवडलं, मात्र त्यावरून नव्या अल्बमकडे येता येत नाही, मूडच वेगळा.

वेळ दीड तास. स्पीकर साधा ब्लूटूथचा, खालचे सूर गढूळ येतात. हेडफोन एकच आहे, त्यामुळे तो उपाय नको. गाणी आधीच डाउनलोड करून ठेवणार, नेटचा प्रश्न नाही. गाण्यांचे अर्थ मराठीत मी सांगेन.

‘पोर्नोग्राफी’ (१९८२), ‘डिसइंटिग्रेशन’ (१९८९) आणि ‘ब्लडफ्लॉवर्स’ (२०००) या त्यांच्या जुन्या अल्बममधली नेमकी कोणती दोन-तीन गाणी आधी ऐकवली, तर नवा अल्बम सलग ऐकताना त्यांना लांब वाटणार नाही?