नेव्हीचे परमवीर चक्र विजेते कोण? सोसायटीच्या बोर्डसाठी हवंय

सीवूड्सवाला:
२६ जानेवारीला आमच्या लॉबीत परमवीर चक्रवाल्यांचे फोटो लावतोय. आर्मीचे भरपूर मिळाले, एअर फोर्सचे सेखों आहेत, नेव्हीचं मात्र कोणीच सापडेना. बी विंगमधले रिटायर्ड नेव्हीवाले काका म्हणतात कॅप्टन मुल्लांचा लावा, पण त्यांना तर महावीर चक्र आहे ना? चालेल का? दोन ओळी माहितीपण द्या कोणीतरी.

पाचपाखाडीकर:
शोधू नका, नेव्हीला आजवर एकही परमवीर चक्र मिळालेलं नाही. मुल्लांचाच लावा. ४ डिसेंबर १९७१ ला आपण कराचीवर हल्ला केला, नेव्ही डे त्याचाच, आणि पाचच दिवसांनी दीवजवळ आयएनएस खुकरीला पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने टॉर्पेडो मारला. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. महेंद्रनाथ मुल्ला कॅप्टन होते, पोरांना जहाजावरून बाहेर काढत राहिले, स्वतःचं लाइफ जॅकेटसुद्धा एका खलाशाला दिलं आणि जहाजाबरोबरच गेले. महावीर चक्र मरणोत्तर.

घणसोली_७०१:
राग मानू नका, पण जहाजाबरोबर बुडण्यात काय मोठं? असा अनुभवी माणूस वाचला असता तर पुढे कामाला आला असता. आणि तसली जुनी जहाजं पाणबुडीच्या मागे पाठवली कोणी ते कोणी लिहीत नाही.

पाचपाखाडीकर:
दुसरं एकदम मान्य. खुकरीचं सोनार (आवाजावरून पाणबुडी शोधणारं यंत्र) जुनं, हंगोर फ्रेंच बनावटीची नवीकोरी, तिला ही जहाजं कितीतरी लांबून कळत होती. पण पहिलं नाही पटत हो, जहाज काही मिनिटांत गेलं, खालच्या डेकवर माणसं अडकलेली, अशा वेळी कॅप्टनने आधी उडी मारायची का? हौसेने बुडाले नाहीत ते.

कोपरी_ईस्ट:
आम्ही दीवला गेलो होतो तेव्हा स्मारक बघितलं, समुद्राकडे तोंड करून टेकाडावर काचेत खुकरीचं मॉडेल ठेवलंय. त्याच नावाची नंतरची खुकरी २०२१ ला निवृत्त झाली, तीपण आता दीवलाच आहे. बोर्डवर एकट्या मुल्लांचं नको, १९४ जण गेले हेही मोठ्या अक्षरात टाका, नाहीतर लोक फोटो बघून पुढे जातात.

सीवूड्सवाला:
टाकतो. काकांनाच दोन शब्द बोलायला सांगतोय, आता फक्त फोटो चांगला हवाय, नेटवरचे सगळे धुरकट आहेत.

पाचपाखाडीकर:
२००० साली पोस्टाने त्यांचं तिकीट काढलंय, ते स्कॅन करून मोठं करा. ठाण्यात तिकिटं जमवणारे बरेच आहेत, कोणाकडे तरी मिळेल.