मदत हवी आहे: एअर पिस्तुलाची ग्रिप स्वतः घडवली, हातात घट्ट बसते, पण छर्रे डावीकडे खाली जातात

माजी_सैनिक

नमस्कार मंडळी,

सैन्यातून निवृत्त होऊन ४ वर्षं झाली, वय ५८. नोकरीत पिस्तूल होतं ते हत्यार म्हणून. आता १० मीटर एअर पिस्तूल शिकतोय ते निव्वळ आवडीने. दीड वर्षापासून रोज सराव करतो.

पिस्तूल तयार कारखान्यातलं आहे. नळी, झडप, ट्रिगरची आतली जुळणी यांना मी हात लावत नाही, लावणारही नाही. पण ग्रिपचं, म्हणजे मुठीचं, वेगळं आहे. सोबत आलेली मध्यम मापाची ग्रिप माझ्या हाताला कधीच नीट बसली नाही. नोकरीत उजव्या हाताची करंगळी मोडली होती, ती जुळली पण पूर्ण मिटत नाही. पहिल्या पेराशी अडते. त्यामुळे त्या ग्रिपवर करंगळी कायम अधांतरी राहायची. आठवड्याला एकदा तरी वाटायचं की हा हातच या खेळाचा नाही.

मग ठरवलं, ग्रिप आपणच घडवायची. लाकूडकामाची थोडी सवय होती. काठीभोवती शाडू लावून मुठीत धरला, वाळू दिला, कॅलिपरने मापं घेतली आणि अक्रोडाच्या ठोकळ्यातून कानशीने उतरवत गेलो. ३ महिने लागले. सगळ्यात जास्त वेळ गेला करंगळीच्या खाचेला. ते वाकडं बोट जसं वळतं तशीच खोल खाच कोरली, म्हणजे तेही कामाला लागेल. तळहाताखालची फळीही हाताच्या कडेला धरून ठेवेल अशी वर वळवून घेतली.

ग्रिप हातात घेतली की जागची हलत नाही. मला वाटलं, जिंकलो.

पण निकाल उलटा आहे. जुन्या ग्रिपवर माझे छर्रे पांगायचे, तरी मध्याभोवती पांगायचे. नव्यावर १० छर्र्यांचा पुंजका छान जवळजवळ येतो, मात्र घड्याळाच्या ७-८ वाजण्याच्या दिशेला (डावीकडे खाली), बहुतेक ७ गुणांच्या वर्तुळात. मागची साईट (नेम धरायची खाच) फिरवून पुंजका मध्यावर आणला तर दुसऱ्या दिवशी तो तिसरीकडेच. ४० छर्र्यांनंतर तर आणखी खाली उतरतो. मी उजव्या हाताने, एका हाताने, नियमाप्रमाणेच मारतो.

ग्रिपचा कोन चुकला असेल का? लाकूड वाढवू की काढू? पुन्हा पहिल्यापासून करायलाही तयार आहे, पण आधी चूक कुठे झाली ते कळू दे.

दहावे_वर्तुळ

सर, आधी तीन गोष्टी सांगा. साचा घेताना शाडू किती जोरात आवळला होता? हात टेबलाशी होता की खांद्याच्या उंचीला सरळ समोर? आणि नव्या ग्रिपवर ट्रिगरचं बोट लाकडाला कुठे टेकतं का?

माजी_सैनिक

ताई, साचा खुर्चीवर बसून, कोपर टेबलावर टेकवून घेतला. शाडू पूर्ण ताकदीने आवळला होता. आम्हाला हत्यार घट्ट धरायलाच शिकवलं आहे. बोटाचं आत्ता पाहिलं. तर्जनीचं मूळ लाकडाला लागतं, साधारण नखाएवढ्या जागेत.

दहावे_वर्तुळ

मग उत्तर बहुतेक तुमच्याच लिहिण्यात आहे. कोन वगैरे नंतर बघू.

सेवेतल्या पिस्तुलाला मोठा धक्का असतो, ते आवळून धरावंच लागतं, बहुधा दोन्ही हातांनी. एअर पिस्तुलाला धक्का जवळजवळ नसतोच. इथे हाताला एकच काम आहे: दाब पहिल्या क्षणापासून छर्रा सुटून गेल्यावरही तेवढाच ठेवणं. दाब थोडा असो की जास्त, तो बदलला की नळीचं तोंड हललं.

हे किती नाजूक आहे त्याचा हिशोब करा. दोन साईटमधलं अंतर ३२० मिमी धरा. पुढची साईट खाचेत अर्धा मिमी जरी सरकली तरी १० मीटरवर छर्रा १५-१६ मिमी बाजूला पडतो. १० चं वर्तुळ ११.५ मिमी व्यासाचं आहे आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ ८ मिमी बाहेर. म्हणजे अर्ध्या मिमीत छर्रा जवळजवळ दोन वर्तुळं सरकला. उलट साईट जुळलेल्या असतील आणि अख्खा हात दोन मिमी डुलला, तर छर्राही साधारण दोनच मिमी हलतो. म्हणून हाताच्या डुलण्याची भीती नको, मनगटाच्या आतल्या वळण्याची हवी.

आता तुमची ग्रिप. पूर्ण आवळलेल्या मुठीचा साचा म्हणजे लाकडाने तुम्हाला प्रत्येक वेळी तेवढंच आवळायला लावणं. आवळलेला हात तसाच राहत नाही, दमतो. ४० छर्र्यांनंतर पुंजका खाली जातो तो त्यामुळेच. ट्रिगर दाबताना उरलेली बोटंही नकळत सोबत मिटतात. उजव्या हाताच्या नेमबाजाचा छर्रा त्याने डावीकडे खाली जातो, हे अगदी नेहमीचं दुखणं आहे.

आणि करंगळी. सर, एअर पिस्तूल धरताना करंगळीला आणि अंगठ्याला काही काम नसतं. दाब मधल्या बोटाचा आणि अनामिकेचा, सरळ मागे, अंगठा-तर्जनीच्या बेचक्याकडे. करंगळी सगळ्यात खाली असते, तिने ओढलं की नळीचं तोंड खाली जातं. तुम्ही ३ महिने खपून नेमकं त्या बोटाला काम दिलंत. ते मिटत नाही ही अडचण नाहीच. या खेळात ते बोट नुसतं टेकून राहिलं तरी पुरतं.

तुमच्या एका वाक्यावर थांबले होते, हा हातच या खेळाचा नाही. हंगेरीचे कारोय टाकाच सैन्यातच होते. १९३८ मध्ये ग्रेनेड फुटून त्यांचा उजवा हात निकामी झाला, आणि नेमबाजीचा हात तोच होता. त्यांनी डाव्या हाताने सगळं पुन्हा शिकून १९४८ च्या लंडन आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये २५ मीटर रॅपिड फायर पिस्तुलाचं सुवर्ण जिंकलं. वयाचं म्हणाल तर तुर्कस्तानचे युसुफ दिकेच, तेही निवृत्त लष्करी पोलीसच, २०२४ मध्ये पॅरिसला १० मीटर मिश्र सांघिकचं रौप्य मिळालं तेव्हा ५१ वर्षांचे होते. तुमची फक्त एक करंगळी अडते.

पंच_नजर

स्पर्धेत उतरायचा विचार असेल तर एक गोष्ट आत्ताच सुधारा. तळहाताखालची फळी वर वळवली आहे असं लिहिलंत. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमात ते चालत नाही. फळी आणि ग्रिप यांतला कोन ९० अंशांपेक्षा कमी नको, आणि फळीला किंवा अंगठ्याच्या टेक्याला वरच्या दिशेने बाक नको. अंगठ्याच्या विरुद्ध बाजूला खाली वळणारा बाकही चालत नाही. अंगठा वर मोकळा उचलता आला पाहिजे. मनगट पूर्ण उघडं हवं, लाकडाचा टेकू तिथपर्यंत पोचता कामा नये.

लाकूड वाढवताना मापही लक्षात ठेवा: अख्खं पिस्तूल ग्रिपसकट ४२० × २०० × ५० मिमीच्या पेटीत मावलं पाहिजे. वजन १,५०० ग्रॅमच्या आत, ट्रिगरचा दाब निदान ५०० ग्रॅमचा. हौशी ग्रिप बहुतेक वेळा ५० मिमीच्या रुंदीत अडकतात, कारण तळहाताचा फुगवटा आणि अंगठ्याचा टेका मिळून जागा खातात. तपासणीच्या टेबलावर कानस घेऊन बसलेली माणसं मी पाहिली आहेत, वाईट वाटतं.

नवखी

काका, मी नुकतीच सुरुवात केली आहे. माझीही ग्रिप सैल आहे. लगेच नवी घडवायला हवी का?

दहावे_वर्तुळ

@नवखी, नको. निदान काही महिने आहे तीच वापर. हात शिकत असतो तोवर पकडही बदलत असते. फार सैल वाटलं तर आधी मऊ मेण किंवा माती लावून मारून बघ, आवडलं नाही तर काढून टाकता येतं. पुट्टी त्यानंतर.

सुतारपक्षी

मला पिस्तुलातलं कळत नाही, लाकडातलं कळतं. ही ग्रिप टाकून देऊ नका. खोल गेलेली खाच भरता येते. एपॉक्सीत त्याच अक्रोडाचा बारीक भुसा मिसळून भरा, रंगही जवळपास जुळेल. भरण्याआधी खाच खरखरीत कागदाने ओरबाडून घ्या आणि हाताचं तेल लागलं असेल ते स्पिरिटने पुसा, नाहीतर पापुद्रा सुटतो.

फळी मात्र नवी करा, आणि वेगळ्या तुकड्याची, दोन स्क्रूवर वरखाली सरकणारी. तुम्ही ती अखंड ठोकळ्यातून काढली असणार. ग्रिपमध्ये लाकडाच्या रेषा उभ्या धावतात, त्या बाहेर आलेल्या पातळ फळीत आडव्या छेदल्या जातात. तिथे लाकूड एका धक्क्याने तुटतं. वेगळ्या तुकड्यात रेषा फळीच्या लांबीने घेता येतात.

किती काढायचं हे डोळ्याने ठरवू नका. तळहाताला रंगीत खडूची पूड चोळा, ग्रिप नेहमीसारखी धरा, सोडा. जिथे रंग उमटतो तिथे दाब. तिथली अर्धा मिमी काढा, पुन्हा धरा. चौकट जोडताना सुतार उंचवटे असेच शोधतो.

आणि दोन काळज्या. काम करताना ग्रिप पिस्तुलापासून सोडवलेली असू द्या आणि नाकावर चांगला मास्क हवाच, लाकडाचा भुसा कर्करोगकारक म्हणून नोंदलेला आहे. शेवटी जवसाचं तेल लावणार असाल तर त्याच्या चिंध्या चुरगाळून ठेवू नका. तेल वाळताना उष्णता सुटते, बोळा आपोआप पेटू शकतो. उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

माजी_सैनिक

सगळ्यांचे मनापासून आभार. ताईंचं करंगळीचं वाचलं आणि बराच वेळ ग्रिप हातात घेऊन बसलो. जे बोट मोडलं त्याच्यासाठीच सगळा खटाटोप केला होता.

काल साचा नव्याने घेतला. या वेळी उभं राहून, हात खांद्याच्या उंचीला, डोळे साईटवर, ५ सेकंद स्थिर राहून मग मऊ शाडूवर तेवढ्याच दाबाने. जुन्या साच्याशेजारी ठेवला तर दोन वेगळ्या माणसांचे हात वाटतात. जुन्यात बोटांच्या पेरांचे खोल ठसे, नव्यात बेचक्यात आणि मधल्या बोटाखालीच काय तो ठसा.

एक शंका. डोळे मिटून हात उचलून उघडले की पुढची साईट मागच्या खाचेत खाली दिसते. मनगट किंचित वर केलं की जुळते. हे हातानेच सांभाळायचं की लाकडात?

दहावे_वर्तुळ

लाकडातच. मनगट वर धरून ठेवायला स्नायू लागला की तो दमणार, आणि दमला की पुन्हा खाली. काही पिस्तुलांत ग्रिपचा कल बदलायचा स्क्रू असतो, तो आधी बघा. नसेल तर ग्रिप आणि पिस्तुलाच्या चौकटीच्या मध्ये पातळ पत्री घालून कल बदला. थोडं थोडं. प्रत्येक बदलानंतर डोळे मिटून १० वेळा उचला आणि १० पैकी किती वेळा साईट आपोआप जुळली ते वहीत लिहा. एका उचलण्यावर निर्णय घेऊ नका.

हे करताना तर्जनीखालचं लाकूड आधी काढा, बोट आणि ग्रिप यांच्यामध्ये उजेड दिसला पाहिजे. बोट लाकडाला घासलं की ट्रिगरसोबत ग्रिपही ढकलली जाते. आणि हो, ८-१० दिवस कागदावर गुण मोजू नका. कोऱ्या पांढऱ्या कागदावर मारा, फक्त साईट बघा.

माजी_सैनिक

तीन आठवड्यांनी लिहितोय.

करंगळीची खाच भरली, घासून सपाट केली. बोट आता नुसतं टेकतं. तर्जनीखाली जागा मोकळी केली. फळी नवी, सरळ, वेगळ्या तुकड्याची. खडूची पूड निदान तीसेक वेळा लावली असेल. कलाचा स्क्रू माझ्या पिस्तुलात निघाला, दीड वर्षात तो मला दिसलाच नव्हता. आता डोळे मिटून १० पैकी ७ वेळा साईट जुळलेली सापडते.

पहिला आठवडा फार अवघड गेला. ग्रिप हातातून पडेल असं सारखं वाटायचं, आणि तसं वाटलं की मूठ आपोआप आवळली जायची. मग रोज आधी १५ मिनिटं भिंतीसमोर ड्राय फायर, म्हणजे छर्रा न भरता ट्रिगर दाबायचा सराव. परवापासून लक्ष्यावर मारायला घेतलं. पुंजका पूर्वीपेक्षा मोठा आहे, ८ पर्यंत जातो. पण मध्याभोवती आहे, आणि काल पूर्ण ६० मारले तरी शेवटचे १० खाली उतरले नाहीत.

ग्रिपला तेल अजून लावलेलं नाही. महिनाभर अशीच कच्ची ठेवतो. अंगठ्याच्या मुळाशी खडू अजून थोडा जास्त उमटतो आहे, तिथे आणखी हात फिरवायचाय.