एपीएआरमध्ये (वार्षिक कामगिरी अहवालात) गुण कापले, प्रमोशन हुकलं. रिप्रेझेंटेशन (लेखी निवेदन) द्यावं का? (सरकारी बँक, स्केल २)

नमस्कार मंडळी,

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी सरकारी बँकेत अधिकारी आहे. यंदा स्केल ३ ची लेखी परीक्षा चांगली गेली, मुलाखतही बरी झाली, पण यादीत नाव नाही. पोर्टलवर पाहिलं तर गेल्या वर्षीच्या एपीएआरचे गुण रिव्ह्यूइंग साहेबांनी (अहवाल तपासणाऱ्या वरिष्ठांनी) खाली आणलेत. शेरा एका ओळीचा: 'थर्ड पार्टी व्यवसायात सुधारणेला वाव.' म्हणजे इतर कंपन्यांचा विमा वगैरे विकण्यात.

आता आमचं वर्ष कसं जातं ते ऐका. एप्रिलपासून पीककर्जाचं नवंजुनं. २०२४ पासून लाडकी बहीणची भर. दीड हजार आले का, आधार कोणत्या खात्याला जोडलंय, हे विचारणाऱ्या बायकांची रांग पार दाराबाहेर. क्लार्क मंजूर तीन, हजर एक. वसुलीला उन्हातान्हात मीच फिरतो. थकबाकी खाली आली, पण संध्याकाळच्या व्हीसीत (व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये) प्रश्न एकच, "आज लॉगिन किती?" म्हणजे विम्याचे नवे अर्ज किती. ४३६ रुपयांची जीवनज्योती (सरकारी विमा) कितीही काढा, ती थर्ड पार्टीत धरत नाहीत. मोठ्या हप्त्याची पॉलिसी हवी. सोयाबीनला भाव नसताना ती कोणाच्या गळ्यात मारू? (मारलीच, तर पुढचा हप्ता थकल्यावर तो माणूस मलाच शोधत येणार, एजंटाला नाही.)

माझ्या बॅचचा मित्र पुण्यात आहे, त्याचं प्रमोशन झालं. त्याच्याबद्दल आकस नाही, माणूस कामाचा आहे. पण त्याच्या पगारदार खातेदारांच्या शाखेला आणि माझ्या शाखेला विम्याचं बजेट (टार्गेट) एकाच फुटपट्टीने, हे काही पटत नाही. पगाराची तक्रार नाही. 'नोकरी सोड' हा सल्लाही नको, तो सासरे नियमित देतात.

वाचनात आलं की २००८ च्या देव दत्त प्रकरणात सुप्रीम कोर्टाने प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवायला हवा असं सांगितलं, म्हणजे त्याला आपलं म्हणणं मांडता येईल. २०१३ मध्ये सुखदेव सिंग प्रकरणात तेच कायम राहिलं. मला शेरा दिसला तो यादी लागल्यावर, तोही मी स्वतः शोधला म्हणून. नुसतं पोर्टलवर चढवणं म्हणजे कळवणं झालं का?

असोसिएशनचे पदाधिकारी म्हणतात, "लेखी काही देऊ नका, बदली लांबची पडेल." बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, मुलगी नववीत. त्यामुळे हात आखडतो.

कोणी असं रिप्रेझेंटेशन दिलंय का? गुण खरंच वाढले, की नुसतं 'विचार केला, बदल नाही' असं उत्तर आलं? त्यात वसुलीचे आकडे आणि मंजूर-हजर कर्मचाऱ्यांचा तक्ता जोडायचा, की फक्त शेऱ्यापुरतं बोलायचं? माहिती अधिकारात स्वतःचे मुलाखतीचे गुण कोणी मिळवलेत का? कोणाकडे जुना मसुदा असेल तर नावं खोडून इथे टाका. बदली झाली असेल तर तेही लपवू नका.